नेमके काय फिरते? तीन जुन्या इशारा-दिव्यांचे परीक्षण

पोलिसांच्या गाडीवर, आगीच्या बंबावर किंवा रुग्णवाहिकेवर कधीकाळी बसवलेला जुना इशारा-दिवा विकत घेताना बहुतेक जण आधी रंग पाहतात, मग क्रोमची चमक पाहतात आणि शेवटी किंमत विचारतात. माझे मत असे आहे, की या तिन्हींच्या आधी एकच गोष्ट पाहावी, आणि ती म्हणजे घुमटाखाली नेमके काय फिरते. बल्ब स्वतः फिरतो, की बल्ब जागच्या जागी राहून त्याच्याभोवती आरसा फिरतो, की काहीच गरगर फिरत नाही आणि दिवा नुसता डोलतो? त्या दिव्याचा उजेड डोळ्याला कसा भासेल, त्यातले काय आधी बिघडेल आणि ती दुरुस्ती घरच्या टेबलावर होईल की नाही, हे सगळे या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

या लेखात तीन दिव्यांचे परीक्षण आहे: शिकागोच्या फेडरल कंपनीचा चार बल्बांचा बीकन-रे, शिकागोच्याच मार्स कंपनीचा डोलणारा दिवा, आणि जर्मनीतल्या हेला कंपनीचा निळा फिरता दिवा. जाता जाता भारतातल्या लाल दिव्याबद्दलही थोडे लिहिले आहे. हे सगळे दिवे माझ्या संग्रहात आहेत आणि मी स्वतः उघडून, पुसून, पुन्हा जोडले आहेत. मी शिकागोच्या उपनगरात राहतो, त्यामुळे पहिल्या दोन कंपन्यांचे जुने दिवे इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात हाताळून घेता येतात, ही सोय इतर गावच्या संग्राहकांना नसते, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

बीकन-रेपासून सुरुवात करतो, कारण अमेरिकी जुन्या दिव्यांचा संग्रह करणारा जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी त्याच्यापाशी येतोच. फेडरल कंपनी १९०१ साली शिकागोत सुरू झाली, ती दुकानांच्या विजेच्या दिव्यांनी उजळणाऱ्या पाट्या बनवण्यासाठी. पुढे तिने विजेवर चालणारे भोंगे बनवायला घेतले, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिचा हा चारी दिशांना झोत फेकणारा छतावरचा दिवा बाजारात आला. मॉडेल १७ हा या घराण्याचा मूळपुरुष. १७३, १७४, १७५ ही त्याची पुढची भावंडे. कंपनीच्या नावात ‘साइन’ म्हणजे पाटी हा शब्द १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकून होता, आणि त्यामुळे दिव्याचे वय ठरवण्याची एक सोपी खूण मिळते: बुडाच्या कडेला रिवेटने ठोकलेल्या धातूच्या पट्टीवर ‘फेडरल साइन अँड सिग्नल कॉर्पोरेशन, ब्लू आयलंड, इलिनॉय’ असे कोरलेले असेल तर दिवा त्या काळाच्या आधीचा, आणि नुसते ‘फेडरल सिग्नल’ असेल तर नंतरचा. पट्टीच गायब असेल तर विक्रेता जे वर्ष सांगेल त्यावर पैसे मोजू नयेत.

पट्टीवर आणखी एक गोष्ट वाचावी लागते, ती म्हणजे व्होल्ट. अमेरिकेतल्या मोटारी १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालत आणि त्यानंतर सगळ्या १२ व्होल्टवर गेल्या. ६ व्होल्टचा दिवा १२ वर लावला, तर बल्ब तत्काळ जातात आणि मोटरही जाऊ शकते. ६ व्होल्टच्या नगाची किंमत जाणकारांत जास्त असते. पण ज्याला दिवा लावून पाहण्याची हौस आहे त्याने १२ व्होल्टचाच घ्यावा, कारण त्याचे बल्ब अजून सहज मिळतात.

माझ्याकडचा नग १२ व्होल्टचा आहे. त्याचे बूड उपड्या परातीसारखे पसरट आहे, त्यावर क्रोमचा मुलामा आहे, आणि लाल घुमट एका कड्याने बुडाला आवळलेला आहे. कडे सैल करून घुमट उचलला, की आतली रचना एका दृष्टिक्षेपात कळते, आणि या दिव्यावर माझा जीव जडण्याचे खरे कारण तेच आहे. मध्ये एक फिरती बैठक, तिच्यावर चार बाजूंना तोंड करून बसवलेले चार गोल बल्ब, खाली एक छोटी मोटर आणि मोटरीचा वेग उतरवणारी दातेरी चाके. बाकी काही नाही. हे बल्ब ‘सील्ड बीम’ जातीचे, म्हणजे तार, आरसा आणि पुढची काच एकाच बंद काचेच्या भांड्यात असलेले. अमेरिकेत १९४० पासून मोटारींच्या हेडलाइटसाठी हीच पद्धत सक्तीने आली, आणि तिचाच धाकटा आकार इथे वापरला आहे. त्याला ‘पार ३६’ म्हणतात. ३६ म्हणजे इंचाचे ३६ अष्टमांश, अर्थात साडेचार इंच व्यास. आरसा बल्बच्या पोटातच बंद असल्यामुळे त्यावर धूळ बसत नाही, गंज चढत नाही, आणि कितीही जुन्या दिव्यात नवा बल्ब घातला, की झोत पुन्हा कोरा करकरीत होतो. जुन्या दिव्यांच्या जगात ही फार मोठी सोय आहे, आणि तिची किंमत मार्स किंवा हेलाचा मंदावलेला आरसा समोर आला की कळते.

प्रश्न असा उभा राहतो, की बल्ब जर सतत एकाच दिशेने फिरत राहणार, तर त्यांना वीज कशी पोहोचवायची? वायर लावली तर ती काही फेऱ्यांतच पिळून तुटेल. बीकन-रेमध्ये यासाठी स्थिर भागातला कार्बनचा ब्रश फिरत्या भागातल्या धातूच्या कड्यावर घासत राहतो आणि वीज आत जाते. परतीचा मार्ग दिव्याच्या धातूच्या अंगातूनच आहे. ही युक्ती साधी आणि टिकाऊ आहे. पण हा दिवा बिघडतो तो नव्वद टक्के इथेच. ब्रश झिजून त्याची काळी पूड कड्यावर बसते, कडे काळवंडते, आणि मग बल्ब फिरताना मिणमिणतात. परतीच्या मार्गावरचे ग्रीस वाळून गोंदासारखे झाले असेल, तर वीज त्यातून अडखळत जाते आणि विक्रेता ‘बल्ब जुने झालेत’ असे सांगून मोकळा होतो. माझ्या नगाचा मिणमिणाट कडे बारीक पॉलिश पेपरने पुसून, जुने ग्रीस रॉकेलने धुऊन आणि अगदी थोडे नवे ग्रीस लावून पूर्ण थांबला. यासाठी लागणारी हत्यारे कोणत्याही घरात असतात.

उजेडाच्या बाबतीत या रचनेचा फायदा आकड्यांनीच पटतो. चार बल्बांच्या बैठकीने मिनिटाला ४५ फेऱ्या मारल्या, तर समोर उभ्या माणसाला मिनिटाला १८० वेळा चमक दिसते, म्हणजे सेकंदाला ३. एकाच झोताच्या दिव्याला तेवढ्याच चमका द्यायच्या, तर त्याला मिनिटाला १८० फेऱ्या माराव्या लागतील. चमकांची संख्या सारखी असली, तरी परिणाम सारखा होत नाही, कारण हळू फिरणारा झोत डोळ्यावर जास्त वेळ रेंगाळतो. झोताची रुंदी ५ अंश धरली, तर ४५ फेऱ्यांना तो डोळ्यावरून जायला सुमारे १८ मिलिसेकंद घेतो, आणि १८० फेऱ्यांना जेमतेम साडेचार. फ्रान्समध्ये ब्लाँदेल आणि रे यांनी १९११ साली क्षणिक चमक डोळ्याला किती प्रखर भासते याचे एक सूत्र मांडले, आणि दीपगृहांच्या दिव्यांसाठी ते दीर्घकाळ वापरले गेले. त्या सूत्राने हिशेब केला, तर पहिली चमक त्याच ताकदीच्या स्थिर दिव्याच्या साडेआठ टक्के भासते, आणि दुसरी फक्त सव्वादोन टक्के. म्हणजे प्रत्येक झोताची ताकद आणि रुंदी सारखी धरली, तर संथ फिरणारा बीकन-रे जवळपास चौपट प्रखर भासतो. त्याचा उजेड टचकन येऊन जात नाही. तो येताना दिसतो, अंगावरून जातो आणि जाताना दिसतो. चित्रात किंवा व्हिडिओत हा फरक कळत नाही, कारण कॅमेरा स्वतःच्या चालीने प्रकाश टिपतो. दिवा घेण्याआधी तो अंधाऱ्या खोलीत डोळ्यांनी पाहावा, हा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

आता दोष. विजेची भूक हा पहिला. माझ्या नगातले बल्ब ३० वॅटचे आहेत. चार बल्बांचे १२० वॅट, म्हणजे १२.८ व्होल्टवर साडेनऊ अँपिअरच्या आसपास, आणि मोटर वेगळी. शिवाय टंगस्टनची थंड तार चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, त्यामुळे बाजारात मिळणारा १० अँपिअरचा पॉवर सप्लाय कागदावर पुरेसा दिसला तरी चालू करताना दगा देतो. २० अँपिअरचा घ्यावा, किंवा सरळ मोटारीची बॅटरी वापरावी. दुसरा दोष उष्णतेचा: घुमट बंद असतो आणि आत चार बल्ब पेटलेले असतात, म्हणून टेबलावर स्थिर ठेवलेला दिवा तासन्‌तास चालू ठेवू नये. धावत्या गाडीवर वारा लागतो, तो घरात लागत नाही. ब्रशच्या मोटरीमुळे जवळच्या रेडिओवर खरखर येते, ही बाब किरकोळ आहे. पण ती खरखर दाबण्यासाठी आत बसवलेला कपॅसिटर नावाचा जुना सुटा भाग फुगलेला असेल, तर तो मात्र बदलून टाकावा.

घुमटाबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण पैशांची खरी उधळपट्टी इथेच होते. आरंभीचे घुमट काचेचे होते, पुढचे प्लास्टिकचे झाले. काचेचा रंग पन्नास वर्षांनीही तसाच राहतो. प्लास्टिकचा लाल रंग उन्हाने आधी केशरी आणि मग फिका गुलाबी होतो, आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पडते. या भेगा पॉलिशने जात नाहीत, कारण त्या वरवरच्या नसून आत खोलवर गेलेल्या असतात. पॉलिशने फक्त खरचटे जातात. हल्ली नवे बनवलेले घुमट मिळतात आणि दिसायला चांगलेही असतात. पण त्यांच्या कडेवर जुन्या साच्यातली अक्षरे नसतात, त्यामुळे ‘मूळ घुमट’ म्हणून जास्त किंमत मागितली, तर कडेचा फोटो मागून घ्यावा. कधीकधी स्वच्छ काचेसारख्या पारदर्शक घुमटाखाली लाल आणि पांढरे बल्ब आलटून पालटून बसवलेला बीकन-रे मिळतो. मला तो एकरंगी लाल दिव्यापेक्षा सरस वाटतो, कारण लाल गाळणी टंगस्टनच्या उजेडाचा बराचसा भाग गिळते आणि पांढऱ्या झोतात तो सगळा बाहेर येतो. निळ्या घुमटाची स्थिती याहून बिकट: टंगस्टनच्या पिवळसर उजेडात निळा अंश मुळातच थोडा, त्यामुळे निळा बीकन-रे दिसतो देखणा आणि पडतो मंद. नवशिक्या संग्राहकाला हे कोणी सांगत नाही, आणि निळ्याचीच किंमत जास्त असते.

बैठकीवरच्या बल्बांच्या पकडी थोड्या वरखाली कलवता येतात, हेही लक्षात ठेवावे. चारही झोत अगदी एकाच पातळीत असतील, तर चढावरून येणाऱ्या गाडीला दिवा नीट दिसत नाही. म्हणून एखादा बल्ब किंचित वर कललेला आढळला, तर तो ‘सरळ’ करण्याची घाई करू नये. आधीच्या मालकाने किंवा त्या अग्निशमन केंद्राच्या मेकॅनिकने विचार करून तो तसा ठेवलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

मार्सचा दिवा ही वेगळीच जात. शिकागोच्या अग्निशमन दलातल्या जेरी केनेली नावाच्या जवानाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, असे तिच्या इतिहासात नोंदलेले आहे. स्थिर दिव्याकडे माणसाचे लक्ष जात नाही, हलणाऱ्या दिव्याकडे जाते, एवढाच त्यामागचा विचार. १९३० च्या दशकात रेल्वेच्या इंजिनांनी हा दिवा उचलला, आणि पुढे अमेरिकेतल्या डिझेल इंजिनांच्या नाकावर तो सर्रास दिसू लागला. आगीच्या बंबांच्या कपाळावरही तो आला. यात एकच मोठा दिवा पुढे तोंड करून बसवलेला असतो आणि तो हवेत इंग्रजी आठचा आकडा काढत राहतो. बीकन-रेचा झोत ठरावीक वेळाने येतो आणि जातो, म्हणून डोळा त्याला सरावतो. मार्सचा झोत कधी वरून, कधी तिरका, कधी थेट डोळ्यांत असा येतो, आणि पुढच्या क्षणी तो कुठे असेल याचा अंदाज बांधता येत नाही.

हा आकडा काढण्यासाठी दिव्याला एका दिशेने एक हेलकावा आणि त्याच वेळात तिला काटकोनातल्या दिशेने दोन हेलकावे द्यावे लागतात. माझ्या नगाचे मागचे झाकण उघडले, तेव्हा मोटरीच्या आसावरची चाके आणि दांड्या हे गणित किती निमूटपणे सोडवतात ते पाहत बराच वेळ बसून राहिलो. दिवा दोन आसांच्या चौकटीत टांगलेला आहे, एक आस त्याला डावी-उजवीकडे वळू देतो आणि दुसरा वर-खाली झुकू देतो, आणि दोन्ही हालचाली एकाच मोटरीवरून निघतात. बल्ब पूर्ण गोल फिरत नसल्यामुळे ब्रश आणि कडे यांची गरजच नाही. एक लवचीक वायर पुरते. बीकन-रेचा सगळ्यांत मोठा दुखणेकरी भाग इथे मुळातच नाही. त्याऐवजी इथे वायर वाकून वाकून तिच्या आवरणाला भेगा पडतात, म्हणून जुना मार्स घेतला, की चालू करण्याआधी ती वायर बदलणे हे पहिले काम. दुसरे काम सांध्यांना तेल देण्याचे. आणि एक पथ्य: बंद दिवा हाताने डोलवून ‘मोकळा आहे की नाही’ ते पाहू नये. वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकलेल्या दांडीवर बाहेरून जोर लावला, की पितळेचे दाते जातात, आणि हे दाते कुठे विकत मिळत नाहीत, ते कोणा कारागिराकडून कापून घ्यावे लागतात.

सौंदर्याच्या दृष्टीने मार्ससारखा दिवा दुसरा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उपयोगाच्या दृष्टीने मात्र त्याची एक उघड मर्यादा आहे: तो फक्त समोरच्याला दिसतो. बाजूच्या गल्लीतून येणाऱ्याला तो दिसत नाही, आणि म्हणूनच बंबांवर तो एकटा नसे, त्याच्या जोडीला छतावर फिरता दिवा असेच. किंमतही चढी असते, कारण या दिव्यांवर बंबांच्या संग्राहकांबरोबर रेल्वेच्या संग्राहकांचाही डोळा असतो. शिकागोच्याच पाइल-नॅशनल कंपनीचा ‘जायरालाइट’ हा त्याचा प्रतिस्पर्धी आठच्या आकड्याऐवजी झोताला गोलाकार घुमवत असे. तो मी अजून घेतलेला नाही, म्हणून त्याबद्दल इथे मत देत नाही.

शिकागोच्या बंबांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. या शहराच्या बंबांवर लाल दिव्यांबरोबर हिरवे दिवेही असतात, लाल डाव्या अंगाला आणि हिरवा उजव्या अंगाला, अगदी जहाजावर असतात तसे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अग्निशमन आयुक्त असलेले अल्बर्ट गुडरिच बोटींच्या व्यवसायातल्या घराण्यातले होते, आणि ही प्रथा त्यांच्या नावावर जमा आहे. त्यामुळे हिरव्या घुमटाचा दिवा समोर आला आणि विक्रेता त्याला शिकागोचा म्हणाला, तर ती थाप असेलच असे नाही.

हेलाच्या दिव्याबद्दल थोडक्यात. लिपश्टाट गावची ही कंपनी १८९९ पासूनची. तिच्या फिरत्या दिव्यात मधोमध एकच हॅलोजन बल्ब उभा असतो आणि त्याच्याभोवती वक्र आरसा फिरतो. फिरणारा भाग हलका, म्हणून मोटर लहान. बल्ब एक, म्हणून वीज निम्म्याहून कमी. बल्ब स्थिर, म्हणून ब्रशची कटकट नाही. अभियंत्याच्या नजरेने पाहिले, तर तिघांत हाच सर्वांत शहाणा दिवा आहे, आणि युरोपातच नव्हे तर पुढे जगभर ही रचना पसरली, यात नवल नाही. पण त्याला चमकांची संख्या गाठण्यासाठी भराभर फिरावे लागते, आणि वर सांगितलेला हिशेब त्याच्या विरोधात जातो. आरसा झोत थोडा पसरट ठेवतो, त्यामुळे ती तूट काही अंशी भरून निघते, पूर्ण नाही. जुन्या नगात आरशाचा मुलामा बल्बच्या उष्णतेने मधोमध तपकिरी पडलेला असतो. विक्रेते घुमटाचे दहा फोटो देतात आणि आरशाचा एकही देत नाहीत. तो मागून घ्यावा. माझ्या नगातले फिरवणारे दातेरी चाक प्लास्टिकचे आहे, आणि त्याला भविष्यात कधीतरी तडा जाणार, हे गृहीत धरून मी तो क्वचितच चालवतो.

निळा रंग जर्मनीत १९३८ पासून कायद्याने आला. युद्धाच्या तयारीत शहरे काळोखात ठेवण्याचे नियम होत होते, आणि निळा उजेड वरून उडणाऱ्या विमानाला कमी दिसतो अशी समजूत होती, असे त्याचे कारण सहसा दिले जाते. कारण युद्धाचे असले, तरी रंग शांततेतही टिकला, आणि रस्त्यावरच्या लाल मागच्या दिव्यांच्या आणि सिग्नलच्या गर्दीत निळा वेगळा उठून दिसतो, हे त्याच्या पथ्यावर पडले. अंधाराला सरावलेला डोळा लाल रंगापेक्षा निळ्याला जास्त संवेदनशील असतो, त्यामुळे गाळणीत वाया गेलेला उजेड रात्री थोडाफार वसूल होतो. दिवसा होत नाही.

भारतात मिळणारा लाल दिवा याच जर्मन पठडीतला आहे: एक बल्ब, एक फिरता आरसा, वर लाल घुमट. महाराष्ट्रातल्या वाचकाला या दिव्याची ओळख यंत्र म्हणून नसून ‘लाल दिव्याची गाडी’ म्हणून आहे, आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत एक पिढी त्या गाडीकडे डोळे लावून बसली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या, आणि केंद्र सरकारच्या एप्रिल २०१७ मधल्या निर्णयानुसार १ मे २०१७ पासून, म्हणजे योगायोगाने महाराष्ट्र दिनापासून, तो मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरून उतरला. संग्राहकाच्या दृष्टीने हा दिवा अजून स्वस्त आहे आणि कोणी त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. पुण्यातून नातेवाइकांनी पाठवलेला माझा नग बांधणीत सामान्य आहे, घुमटाचे प्लास्टिक पातळ आहे, बुडाच्या रबराला भेगा आहेत, आणि मोटर चालताना कुरकुरते. तरीही ज्या वस्तूभोवती एवढी हवा होती ती इतकी साधी निघावी, म्हणून मी तो बीकन-रेच्या शेजारीच ठेवला आहे.

पहिलाच दिवा घेणाऱ्याने काय घ्यावे, असे मला विचारले, तर उत्तर चार बल्बांचा, १२ व्होल्टचा, पट्टी शाबूत असलेला आणि घुमट भेगाळलेला बीकन-रे, असे आहे. भेगाळलेल्या घुमटामुळे किंमत बरीच उतरते, यंत्राला काहीही झालेले नसते, आणि घुमट पुढे स्वतंत्रपणे शोधता येतो. मार्स दुसरा घ्यावा, हात बसल्यावर. हेला शक्यतो जर्मनीतूनच मागवावा, आणि तोही २४ व्होल्टचा नाही ना हे पाहून, कारण तिकडच्या ट्रक आणि बंबांसाठीचे असे नग बरेच फिरतात आणि ते १२ वर सुस्तपणे फिरतात. जुन्या बल्बांच्या जागी त्याच आकाराचे एलईडी बसवण्याची टूम निघाली आहे. विजेची बचत होते हे खरे. पण त्यांचा झोत जुन्या आरशातून येणाऱ्या झोतासारखा घट्ट नसतो आणि फिरणाऱ्या उजेडाची ती ठळक कड हरवते. मी ते बसवणार नाही.

दिवा गाडीच्या छतावर चढवून रस्त्यावर लावण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. अमेरिकेत राज्यागणिक रंगांचे नियम वेगळे आहेत, निळा आणि लाल हे बहुतेक ठिकाणी पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी राखीव आहेत, आणि ‘मी संग्राहक आहे’ हे उत्तर पोलिसाला पुरत नाही. जुन्या बंबांच्या प्रदर्शनाला दिवा लावून न्यायचा, तर वाटेत त्यावर कापडी खोळ चढवलेली असावी.

पाठवणीबद्दल मात्र सक्त ताकीद द्यावीशी वाटते. एका विक्रेत्याने मला काचेचा घुमट दिव्यावर तसाच आवळून, आतले चार जड बल्ब बैठकीवर मोकळे ठेवून, एका खोक्यात टाकून पाठवला. वाटेत बैठक फिरत राहिली, एक बल्ब पकडीतून निसटला आणि त्याने घुमट आतून फोडला. बाहेरच्या खोक्यावर ओरखडाही नव्हता, म्हणून नुकसानभरपाईही नाकारली गेली. तेव्हापासून पैसे देण्याआधीच मी लेखी कळवतो, की घुमट काढून वेगळ्या खोक्यात बांधावा, बल्ब काढून कागदात गुंडाळावेत, फिरती बैठक दोन ठिकाणी दोऱ्याने बुडाला बांधावी आणि खोक्यात शिल्लक राहिलेली जागा भरून काढावी. जो विक्रेता यासाठी चार पैसे जास्त मागतो, त्याला ते खुशाल द्यावेत.